दुखवट्याच्या रस्त्यावर मोर्चा: बंदी घालायची, की वेळ आणि अंतर ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या शवपेट्या इंग्लंडमधल्या वूटन बॅसेट गावातून जायच्या. २०१० साली एका संघटनेनं त्याच गावात शवपेट्या खांद्यावर घेऊन निषेध मोर्चा काढायची घोषणा केली. सरकारनं तो मोर्चा सरळ बंद का केला नाही? लोकशाहीत अशा मोर्च्याला परवानगी द्यायची की नाही? आणि उद्या आपल्याकडे असं काही झालं तर?

माझी नोकरी पोलीस खात्यात झाली आणि तिचा बराचसा भाग बंदोबस्तात गेला. त्यात मोर्चे होते, मिरवणुका होत्या आणि सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत जवानांचे अंत्यविधीही होते. सुव्यवस्थेचा कायदा हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यानं बाहेरच्या देशांतले असे निकाल मी लक्ष ठेवून वाचत आलो. माझं मत आधीच सांगून टाकतो. मत कितीही विखारी असलं तरी ते मांडायला बंदी नको. पण ज्या घरातला माणूस गेला, त्या घराची शेवटची भेट ज्या रस्त्यावर आणि ज्या घटकेला होते, तो रस्ता आणि ती घटका त्यांची. तिथं दुसऱ्या कुणाचा हक्क पुढं करता येत नाही. सगळा कायदा शेवटी या दोन गोष्टींची सांगड घालायला धडपडतो.

आधी ते गाव समजून घेऊ. वूटन बॅसेट हे विल्टशरमधलं, तेव्हा दहा-अकरा हजार वस्तीचं बाजाराचं गाव. शेजारचं मोठं शहर स्विंडन. तिथं आज गोव्याहून गेलेल्यांची मोठी वस्ती असल्यानं आपल्याकडच्या अनेकांना ते नाव माहीत असेल. जवळच लायनम हा हवाई दलाचा तळ होता. एप्रिल २००७ पासून युद्धात गेलेल्या सैनिकांची पार्थिवं या तळावर उतरू लागली. विमान उतरल्यावर तळावरच घरच्यांसाठी खासगी विधी व्हायचा. मग शवविच्छेदनासाठी ताफा ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयाकडे निघायचा आणि वाटेत वूटन बॅसेटची हाय स्ट्रीट, म्हणजे गावचा मुख्य रस्ता, लागायची.

हा सोहळा सरकारनं आखलेला नव्हता. माजी सैनिकांच्या रॉयल ब्रिटिश लिजन या संघटनेतले काही जण ताफा जाताना रस्त्याच्या कडेला सावधान उभे राहिले. त्यांना पाहून दुकानदार बाहेर आले. पुढं दर वेळी दुकानं थांबायची, सेंट बार्थोलोम्यू चर्चची मोठी घंटा संथ वाजायची, शववाहिकेच्या पुढं अंत्यविधी व्यवस्थापक पायी चालत यायचा. युद्धस्मारकापाशी ताफा थांबायचा, लिजनचे ध्वज खाली झुकायचे आणि घरची माणसं पुढं होऊन गाडीच्या काचेवर, टपावर फुलं ठेवायची. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. १४ जुलै २००९ रोजी एकाच दिवशी आठ शवपेट्या आल्या, तेव्हा हजारो लोक उभे होते आणि तरीही रस्त्यावर शांतता होती. ऑगस्ट २०११ पर्यंत ३४५ जणांना त्या गावानं असा निरोप दिला.

मी गर्दी सांभाळलेला माणूस आहे. हजारोंचा जमाव कुणीही न सांगता गप्प उभा राहतो, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. ती पोलिसांच्या बळावर होत नाही. गावानं स्वतःवर घातलेल्या बंधनातून होते. युद्ध बरोबर की चूक यावर त्या गावातही मतभेद असणारच, पण ते त्या रस्त्यावर आणायचे नाहीत हे ठरलेलं. नोव्हेंबर २००९ मध्ये उजव्या टोकाच्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचे नेते निक ग्रिफिन तिथं येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्यावरही टीका झाली. निषेध करणाराच दुखवट्याचा फायदा घेतो असं नाही. जयजयकार करणाराही घेतो.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०१० च्या पहिल्या आठवड्यात अंजेम चौधरी या कट्टर इस्लामी प्रचारकाच्या ‘इस्लाम फोर यूके’ या गटानं घोषणा केली की, अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या मुस्लिमांचं प्रतीक म्हणून शवपेट्या घेऊन आम्ही वूटन बॅसेटमधून मोर्चा काढू. आकडा सांगितला ५०० चा. देश पेटून उठला. लाखो लोकांनी ऑनलाइन विरोध नोंदवला. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी जाहीर निषेध केला. गृहमंत्री ॲलन जॉन्सन यांनी सांगितलं की, पोलीस आणि स्थानिक परिषदेनं बंदीची मागणी केली तर मी मंजुरी देईन. मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटननंही या मोर्च्याचा निषेध केला. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा विल्टशर पोलिसांकडे मोर्च्याची रीतसर सूचना आलेलीच नव्हती.

इथं थांबून नीट पाहा. अर्ज नाही, मार्ग नाही, तारीख नाही, आणि तरी आठवडाभर सगळ्या वृत्तवाहिन्यांवर एकच माणूस. १० जानेवारीला त्यांनी मोर्चा मागं घेतला आणि आपला मुद्दा पोचला असं सांगितलं. चिथावणीच्या राजकारणात घोषणा हीच कृती असते. मोर्चा निघाला तर पन्नास माणसं येतात आणि ताकद उघडी पडते. न निघता गाजला तर हजारोंचा वाटतो. अफगाणिस्तानात नागरिक मरत होते हे खोटं नव्हतं, आणि त्याबद्दल लंडनमध्ये मोठमोठे युद्धविरोधी मोर्चे निघाले होतेही. ते काढणारे वूटन बॅसेटला गेले नाहीत, कारण त्यांना सरकारला जाब विचारायचा होता. मेलेल्याच्या आईला नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न: सरळ बंदी का नाही?

ब्रिटनमध्ये मोर्च्यावर बंदी घालणं मंत्र्याच्या हातात नाही. तिथला १९८६ चा पब्लिक ऑर्डर ॲक्ट सांगतो की, मोर्चा काढणाऱ्यानं पोलिसांना पूर्ण सहा दिवस आधी लेखी सूचना द्यायची. ही परवानगी नसते, फक्त सूचना असते. (याच कलमात एक सवलत आहे. अंत्यविधी व्यवस्थापकानं नेहमीच्या कामाचा भाग म्हणून काढलेल्या अंत्ययात्रेला ही सूचना लागत नाही. अंत्ययात्रा आणि मोर्चा यांत फरक आहे हे कायद्यानंच मान्य केलं आहे.) सूचना आल्यावर पोलीस मार्ग, वेळ, संख्या यांवर अटी घालू शकतात. अटी घालूनही गंभीर दंगल टळणार नाही अशी खात्री झाली, तरच पोलीस प्रमुख स्थानिक परिषदेकडे बंदीचा अर्ज करतो आणि परिषद गृहमंत्र्यांच्या संमतीनं आदेश काढते.

यात दोन अडचणी आहेत. एक, कसोटी ‘गंभीर सार्वजनिक अव्यवस्था’ ही आहे. लोकांचं मन दुखावणं ही नाही. दोन, बंदी एकाच संघटनेचं नाव घेऊन घालता येत नाही. त्या भागातले सगळे मोर्चे किंवा मोर्च्यांचा एखादा प्रकार, जास्तीत जास्त तीन महिने, अशी ती घालावी लागते. शिवाय ती चालत्या मोर्च्याला लागते. एका जागी उभं राहून धरणं धरलं तर त्यावर अटी येतात, सरसकट बंदी येत नाही. म्हणजे बंदी आली असती तरी पन्नास माणसं फलक घेऊन फूटपाथवर उभी राहू शकली असती.

बरेच जण इथं चिडतात आणि कायदाच कडक करा म्हणतात. मला तसं वाटत नाही. ‘लोक चिडतील’ एवढ्यावर मोर्चा बंद करता आला, तर ज्याचे लोक जास्त चिडके त्याच्या हातात रस्ता जातो. इंग्लंडच्या न्यायालयानं हे १८८२ सालीच ओळखलं होतं. साल्व्हेशन आर्मीचे लोक वेस्टन-सुपर-मेअर गावात शांतपणे मिरवणूक काढायचे आणि विरोधक येऊन मारामारी करायचे. बीटी विरुद्ध गिलबँक्स खटल्यात न्यायालयानं म्हटलं की, दुसरा गुंडगिरी करील म्हणून कायदेशीर वागणाऱ्याला दोषी धरता येणार नाही. आपल्याकडे दलित, कामगार, शेतकरी यांच्या किती मोर्च्यांना ‘वातावरण बिघडेल’ म्हणून अडवलं गेलं, ते आठवा. कडक कायदा पहिल्यांदा कुणाच्या पाठीवर पडतो हे मी जवळून पाहिलं आहे.

मोर्चा मागं घेतला गेल्यावर सरकारनं संघटनेलाच हात घातला. १४ जानेवारी २०१० पासून इस्लाम फोर यूके आणि अल-मुहाजिरून ही नावं दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी असलेल्या संघटनांच्या यादीत आली. आधार असा की, २००६ मध्येच बंदी आलेल्या अल घुराबा आणि सेव्हड सेक्ट या गटांचीच ही दुसरी नावं आहेत. कायदेशीरदृष्ट्या हे मोर्च्यापासून वेगळं होतं, पण वेळ अशी साधली गेली की लोकांना ती मोर्च्याची शिक्षा वाटली. उपयोग किती झाला? तीच मंडळी ‘मुस्लिम्स अगेन्स्ट क्रुसेड्स’ या नव्या पाटीखाली उभी राहिली. ११ नोव्हेंबर २०१० रोजी, शहिदांसाठी दोन मिनिटांची शांतता चालू असताना, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलजवळ त्यांनी घोषणा देत खसखशीच्या फुलांच्या प्रतिकृती जाळल्या. (युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून तिथं ही फुलं छातीवर लावतात.) ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला त्याला दंड झाला ५० पौंड. बरोबर एका वर्षानं त्या संघटनेवरही बंदी आली.

या जाळ्याला हलकं समजण्यात मात्र अर्थ नाही. २०१३ मध्ये वूलिचला भररस्त्यात ली रिग्बी या सैनिकाला मारणारे दोघे याच वर्तुळात वावरलेले होते. चौधरी यांना २०१६ मध्ये इसिसला पाठिंबा दिल्याबद्दल साडेपाच वर्षांची आणि २०२४ मध्ये अल-मुहाजिरून चालवल्याबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली, किमान २८ वर्षं भोगायची. पण बघा, त्यांना आत टाकलं ते दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी, पुरावा मांडून. मोर्च्याच्या कायद्यानं ते काम कधीच झालं नसतं आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही चूक.

माझ्या दृष्टीनं यापेक्षा महत्त्वाचं प्रकरण ल्यूटनचं आहे. १० मार्च २००९. इराकहून परतलेल्या रॉयल अँग्लियन रेजिमेंटचं शहरातून संचलन होतं. थोडे निदर्शक येणार हे पोलिसांना माहीत होतं, त्यांना उभं राहायला जागाही ठरवून दिली होती. त्यांनी फलकांवर सैनिकांना बसऱ्याचे खाटीक म्हटलं आणि खुनी, बालहत्यारे, नरकात जळा अशा घोषणा दिल्या. गर्दी अंगावर धावली आणि पोलिसांना मध्ये उभं राहून निदर्शकांचंच संरक्षण करावं लागलं. पुढं पाच जणांवर, अपमानास्पद शब्दांनी लोकांना त्रास दिल्याचा गुन्हा सिद्ध झाला. ‘पोलिसांनी जागा दिली होती, मग गुन्हा कसा?’ असं म्हणत ते उच्च न्यायालयात गेले. २०११ मध्ये न्यायालयानं अपील फेटाळलं. पोलिसांनी उभं राहू दिलं म्हणजे तोंडातून येणाऱ्या प्रत्येक शब्दाला मुभा मिळाली असं होत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

पोलीस अधिकाऱ्याच्या हातातलं खरं साधन हे आहे. जागा द्या, आणि त्या जागेवर काय होतं याची जबाबदारी आयोजकाच्या अंगावर ठेवा. पण ल्यूटनचा दुसरा परिणामही सांगायला हवा. त्या दिवसाच्या रागातून काही महिन्यांत इंग्लिश डिफेन्स लीग ही अतिउजवी, मुस्लिमविरोधी संघटना उभी राहिली आणि पुढची काही वर्षं इंग्लंडच्या शहरांत मशिदींच्या परिसरात तिचे मोर्चे झाले. चिथावणारा आणि चिथावला जाणारा एकमेकांना पोसतात. मधल्यामध्ये ल्यूटनच्या सामान्य मुस्लिम कुटुंबांनी ते सोसलं, ज्यांचा या घोषणांशी काडीचा संबंध नव्हता.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली. वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचा कॅन्ससमधला एक छोटा, बहुतांशी एकाच घरातल्या लोकांचा गट. सैनिक मरतात कारण देश समलैंगिकांना खपवून घेतो म्हणून देव शिक्षा करतो, असं म्हणत ते सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर ‘मृत सैनिकांसाठी देवाचे आभार’ अशा अर्थाचे फलक धरायचे. मार्च २००६ मध्ये मॅथ्यू स्नायडर या इराकमध्ये मेलेल्या मरीन सैनिकाच्या अंत्यविधीला ते मेरीलँडमध्ये पोचले. सात जण होते. पोलिसांना आधी कळवलं होतं, सांगितलेल्या सरकारी जागेवर, चर्चपासून सुमारे १,००० फुटांवर उभे राहिले, विधीत व्यत्यय आणला नाही. वडिलांना जाताना फलकांची फक्त वरची टोकं दिसली. त्यांवर काय लिहिलं होतं ते त्यांनी संध्याकाळी टीव्हीच्या बातम्यांत पाहिलं.

वडिलांनी दावा लावला. ज्यूरीनं एक कोटी नऊ लाख डॉलर भरपाई दिली, ती पुढं पन्नास लाखांवर आली आणि अपिलात सगळीच गेली. वर त्या बापालाच समोरच्यांचा सुमारे १६,५०० डॉलरचा अपील-खर्च भरायचा आदेश झाला. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक असा निकाल वेस्टबरोच्या बाजूनं दिला. सार्वजनिक प्रश्नावर, सार्वजनिक जागेवर, शांतपणे केलेलं बोलणं कितीही जखम करणारं असलं तरी त्यासाठी शिक्षा नाही. एकटे न्यायमूर्ती अलिटो यांनी विरोधी मत दिलं. त्यांचं म्हणणं असं की, खुल्या चर्चेच्या हक्कात एका खासगी माणसाला त्याच्या दुःखाच्या क्षणी लक्ष्य करण्याचा हक्क येत नाही. मला बहुमताचं तर्कशास्त्र पटतं, आणि अलिटो यांचं मत वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं.

पण निकाल तिथं संपत नाही. अमेरिकी संसदेनं २००६ मध्ये राष्ट्रीय दफनभूमींसाठी कायदा केला होता. त्यात अंत्यविधीच्या आधी आणि नंतर एक तास, दफनभूमीच्या ठरावीक अंतरात निदर्शनं नाहीत. २०१२ मध्ये ती वेळ दोन तास आणि अंतर ३०० फूट झालं. ‘काय बोलता’ याला हात लावलेला नाही. फक्त घड्याळ आणि फूटपट्टी. आणि लोकांनी स्वतःहून काय केलं? ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ नावाचे मोटारसायकलस्वार, घरच्यांनी बोलावलं असेल तरच, मोठाले झेंडे घेऊन कुटुंब आणि निदर्शक यांच्यामध्ये रांगेनं उभे राहू लागले. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. आईच्या नजरेला फलक पडू द्यायचा नाही, एवढंच काम. बंदोबस्ताच्या माणसाला याहून चांगली मदत मिळणार नाही.

वेळ-अंतराचा हा नियम किती कामी येतो ते लंडनमध्ये ११ नोव्हेंबर २०२३ रोजी दिसलं. गाझातल्या युद्धविरामासाठीचा मोठा मोर्चा नेमका युद्धविराम दिनाला, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबल्याच्या स्मृतिदिनाला, आला. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी त्या दिवशीचा मोर्चा चिथावणीखोर आणि अनादर करणारा म्हटला, गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन त्याहून पुढं गेल्या. पोलीस आयुक्त मार्क राऊली यांच्यावर प्रचंड दबाव होता. त्यांनी सांगितलं, बंदी मागण्याइतकी गंभीर दंगलीची माहिती माझ्याकडे नाही, आणि बंदी मागितली नाही. मोर्चा सकाळी अकराच्या शांततेनंतर, दुपारी निघाला. हाइड पार्कपासून अमेरिकी दूतावासापर्यंत, म्हणजे व्हाइटहॉलमधल्या सेनोटाफ या युद्धस्मारकापासून बाजूला. पोलिसांच्या अंदाजानं तीन लाख लोक चालले. सेनोटाफजवळ पोलिसांशी झटापट कुणी केली? स्मारकाचं रक्षण करायला आलो म्हणणाऱ्या अतिउजव्या जमावानं. दोन दिवसांनी ब्रेव्हरमन यांचं मंत्रिपद गेलं. राऊली यांनी त्या आठवड्यात दाखवलेला कणा प्रत्येक पोलीस प्रबोधिनीत शिकवावा असा आहे.

आता आपल्याकडे. घटनेचं कलम १९ शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क देतं आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनं घालायची मुभाही देतं. १९७२ च्या हिम्मतलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, पण मनमानीनं सगळ्याच नाकारता येणार नाहीत. २०१८ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवरची सरसकट बंदी न्यायालयानं याच अंगानं उठवली. आपली हत्यारं मात्र ब्रिटनपेक्षा जड आहेत: जमावबंदीचं जुनं कलम १४४, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. ती सहज उचलता येतात, म्हणून सहज उचलली जातात.

गंमत नाही, पण खरं सांगतो, दुखवट्याचं रक्षण करायला त्यांची गरज बहुतेक वेळा पडत नाही. आपल्याकडे १८६० पासून एक नेमकं कलम आहे. भारतीय दंड संहितेचं २९७, आता न्याय संहितेचं ३०१. कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं, किंवा त्या दुखावतील हे माहीत असून, अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांना त्रास दिला, तर एक वर्षापर्यंत शिक्षा. दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली (जुनं १४९) आयोजकाला आधीच नोटीस देता येते. मताला हात लागत नाही, जमावबंदी लागत नाही, गावच्या बाजारावर परिणाम होत नाही.

प्रत्यक्षात जागेवर काय करायचं, हे तरुण अधिकाऱ्यांसाठी लिहितो. जवानाचं पार्थिव गावात यायचं असतं तेव्हा सगळ्यात आधी घरच्यांना भेटा, तेही गणवेशातला ताफा न नेता. पार्थिव किती वेळ घरी ठेवायचं, कोणत्या रस्त्यानं न्यायचं, कुणाचं भाषण नको, हे त्यांना विचारा. बहुतेक घरं एकच मागणं करतात: ‘आम्हाला त्याचं तोंड नीट बघू द्या.’ फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर अंगणातून निघाला की माणसं भिंतींवर चढतात, मोबाइल वर होतात, पुढाऱ्यांच्या गाड्या थेट चौथऱ्यापर्यंत घुसू पाहतात. सलामीच्या फैरी झाडून तिरंग्याची घडी पत्नीच्या किंवा आईच्या हातात देतात, तेवढा वेळ चारही बाजूंनी जागा मोकळी राहिली पाहिजे. मी माझ्या माणसांना त्या वेळी गर्दीकडे तोंड करून उभं करायचो, मानवंदनेकडे नाही.

कुणी निषेध करणार अशी कुणकुण लागली, तर आयोजकाला बोलावून मुद्दा काय आहे ते ऐकून घ्या. अनेकदा तो खरा असतो. निकृष्ट साहित्य, न मिळालेली मदत, एखादं फसलेलं धोरण. त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ आणि जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची जागा लेखी द्या, आणि त्या दिवशी त्याच्या मोर्च्याला पूर्ण संरक्षण द्या. जो मुद्द्यासाठी आलाय तो ही वेळ घेतो. जो त्याच रस्त्यावर, त्याच तासाला अडून बसतो, त्याच्या हातात ३०१ ची कल्पना देणारी नोटीस ठेवा, आणि वार्ताहरांना त्याच्या घोषणेवर एकही प्रतिक्रिया देऊ नका.